बैलाचं माहेरपण

सर शुक्रवारी सकाळी गेले. दुपारी आम्ही संग्रहालय उघडलं. संध्याकाळी कळंबच्या पुढच्या एका गावातून देवरावांचा फोन आला.

"मॅडम, समजलं आमाले," ते म्हणाले. "पोळा आला पुढच्या आठवड्यात. पण तुमच्याइकडे सुतक हाय. बैल येते का यंदा?"

मी म्हटलं, "उद्या सांगते."

ज्या बैलाबद्दल ते विचारत होते तो लाकडाचा आहे आणि आमच्या दालनात काचेच्या पेटीत उभा असतो. लाकडाच्या बैलाला सुतक कसलं, असं कुणालाही वाटेल. मलाही एकेकाळी वाटलं असतं. पण सरांच्या हाताखाली राहिलेल्या माणसाला त्या प्रश्नात हसण्यासारखं काही दिसत नाही, आणि उत्तर मला खरोखरच माहीत नव्हतं.

सर यवतमाळला आमच्या इतिहास संग्रहालयात कार्यक्रम अधिकारी होते. व्याख्यानं, शाळांच्या सहली, प्रदर्शनं, लोकांचे मेळावे हे सगळं त्यांच्याकडे. मी ग्रंथालय सांभाळायची. ते मूळचे कोकणातले. इथे बदली होऊन आले आणि परत जायचा अर्ज त्यांनी कधी केला नाही. लग्न केलं नव्हतं. शर्टाच्या खिशात नेहमी डांबरगोळ्या असत, कारण भांडारातल्या कुठल्या तरी कपड्याची त्यांना सतत काळजी असे. त्यामुळे सर खोलीत यायच्या आधी त्यांचा वास यायचा. शाळेची मुलं त्यांना डांबरगोळी सर म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "कीड लागत नाही, म्हणजे नाव चांगलंच आहे," असं म्हणत.

कार्यक्रमाला ते व्यासपीठावर बसत नसत. दाराशी चपलांच्या कपाटाजवळ एक लाकडी स्टूल टाकून बसत आणि चपला बघत. आमचे पहारेकरी शेषराव त्यांना विचारायचे, "सर, चपला चोरीले जातीन म्हणून बसता का?"

"चोरीला गेल्या तर बरंच होईल," सर म्हणत. "चोरी होण्याइतकी गर्दी जमली, असं अहवालात लिहिता येईल."

एकदा सभागृह गच्च भरलं होतं. मी आनंदानं त्यांच्याकडे गेले, तर ते खिन्न बसलेले. "सगळे बूट आहेत," म्हणाले. वरून हुकूम निघाल्यामुळे इतर कार्यालयांतली माणसं येऊन बसली होती. "हे आपणच आहोत. गाव आलेलं नाही." उलट एखाद्या दिवशी कपाटात तारेनं बांधलेल्या अंगठ्याच्या रबरी चपला दिसल्या, त्यांच्या तळाला काळी माती चिकटलेली असली, की त्या दिवशी ते शेषरावांना स्वतः चहा करून देत.

माइकचा त्यांना राग होता. माइक लागला म्हणजे माणसं लांब बसली, असं त्यांचं गणित. शाल-श्रीफळाचं त्यांना वावडं होतं. दालनातल्या 'हात लावू नये' या पाट्या त्यांनी एका सुट्टीच्या दिवशी काढल्या आणि त्या जागी 'विचारून हात लावा' अशा लावल्या. संग्रहालयप्रमुखांनी बरंच ऐकवलं. पण सर निष्काळजी नव्हते. जुन्या पोथ्यांजवळ ते कुणाला जोरात श्वासही घेऊ देत नसत. त्यांचं म्हणणं इतकंच होतं, की माणसाला विचारायची सवय लागली की तो नीट हात लावतो.

ते भाषण कधी पूर्ण करत नसत. मी ऐकलेलं त्यांचं पहिलं भाषण मोटेवर होतं. विहिरीतून पाणी ओढायची ती चामड्याची मोट त्यांनी टेबलावर ठेवली, थोडंसं बोलले, आणि मध्येच थांबले. "इथवर मला माहीत आहे. पुढचं कोण सांगतं?" मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी मान खाली घातली. सर मात्र आरामात उभे. शेवटी मागून एक म्हातारे गृहस्थ उठले. बैल मोटेवर उलट्या पावली कसे मागे आणायचे हे शब्दांत सांगता येईना, म्हणून त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या शेषरावांनाच बोलावून बैल केलं. खाकी गणवेशातले शेषराव मागे मागे चालत होते आणि म्हातारे गृहस्थ त्यांना हाकत होते. सगळे पोट धरून हसले, आणि त्या हसण्यात आणखी चारपाच जणांना आपापली विहीर आठवली. शेषराव अजून सांगतात, "सरानं मले भर सभेत बैल केलतं."

खऱ्या बैलाची गोष्ट त्यानंतरची. खरा म्हणजे लाकडाचा.

तो सागवानाचा आहे, वासराएवढा, चार चाकांवर उभा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुलं लाकडी बैल घेऊन निघतात, त्यात गावात सगळ्यांच्या पुढे तो असायचा. ज्या घरचा होता ते कुटुंब शहरात गेलं आणि जाताना त्यांनी तो संग्रहालयाला दिला. आमच्याकडे तो काळपट तपकिरी दिसायचा. खाली पाटी होती : लाकडी बैल, कळंब तालुका.

एका वर्षी सरांनी पोळ्याच्या आदल्या दिवशी कार्यक्रम ठेवला आणि त्या भागातल्या गावांना बोलावलं. देवराव त्यांच्या आईला घेऊन आले होते. गिरजाबाई म्हणजे उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की त्यांना माइक खरंच लागला नसता. त्या पेटीपुढे उभ्या राहिल्या. "हा तं आमच्या गावचा ढवळ्या व्हय," म्हणाल्या. मग काचेला तोंड लावून हळू बोलल्या, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळदीनं मळून त्याच्या कानात हे आवतण देतात. त्यांनी ते सवयीनं दिलं. त्यांचा हळू आवाजही दारापर्यंत गेला. सर स्टुलावरून उठले आणि अनवाणीच दालनातून पेटीपर्यंत आले.

"बाई, आवतण दिलंत. आता हा येणार कसा?"

"ते तुमी पाहा," गिरजाबाई म्हणाल्या. "आमी देलं. आवतन देल्लं जनावर उपाशी राह्यलं तं पाप अडवणाऱ्याले."

दुसऱ्या कुणी हे हसण्यावारी नेलं असतं. सरांनी पोळ्याच्या दुपारी पुरण-वरणाचं ताट मागवून पेटीपुढे ठेवलं, आणि पुढच्या वर्षी बैल गावी जावा म्हणून वरिष्ठ कार्यालयाकडे प्रस्ताव पाठवला. 'वस्तू बाहेर पाठविण्याचे प्रयोजन' या रकान्यात त्यांनी लिहिलं : माहेरपण. प्रस्ताव परत आला. मग मी तिथे 'मूळ समुदायासोबत तात्पुरते प्रदर्शन' असं लिहून दिलं आणि मंजुरी मिळाली. सर म्हणाले, "तुम्ही तेच लिहिलंत. फक्त कुणाच्या आईला कळणार नाही अशा भाषेत."

एकदा माहेरपण म्हटल्यावर त्यांनी सगळं रीतसर केलं. देवराव मुराळी म्हणून न्यायला आले पाहिजेत, असा निरोप गेला. देवराव स्वच्छ टोपी घालून, शिदोरी घेऊन आले. टेम्पोत गादी अंथरली.

शेषराव बघत होते. "सर, बैलाले कुठं माहेर असते का?"

"दुसऱ्याच्या दारी ज्याला उभं राहावं लागतं त्याला माहेर असतंच, शेषराव."

"मंग मलेबी सोडा चार दिवस."

रिकाम्या पेटीत सरांनी एक पाटी ठेवली : माहेरी गेला आहे, सोमवारी येईल. मला म्हणाले, "तुम्ही पाठराखीण म्हणून जा." मी विचारलं, "आणि तुम्ही?" तर म्हणाले, "मी सासरकडचा. मी कशाला जाऊ?"

माझं माहेर नाशिककडचं. आई-वडील राहिले नव्हते, घर विकलं गेलं होतं. मला न्यायला कुणी यावं असं कुणी उरलं नव्हतं. हे सरांना माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. त्यांनी कधी विचारलं नाही. पण कार्यालयात जाण्यासारखे दुसरेही होते, आणि त्यांनी मला पाठवलं.

त्या दिवशी मी बैल गावातल्या शाळेच्या खोलीत पोचवून परत आले आणि सोमवारी आणायला गेले. बैल शाळेच्या अंगणात उभा होता. अंग पांढरंशुभ्र, शिंगं लाल, खुरं सोनेरी, पाठीवर हिरव्या रंगाची झूल काढलेली. ऑइल पेंटचा वास फाटकापर्यंत येत होता. भोवती सगळं गाव जमलं होतं आणि मी काय म्हणते ते बघत होतं.

संग्रहालयातल्या वस्तूवर धुळीचा थरसुद्धा विचारून पुसायचा असतो. गावाला सोपवताना बैल पडू नये, भिजू नये, हे सगळं लिहून दिलं होतं. रंगवू नये, हे लिहायचं कुणाच्याच मनात आलं नव्हतं. आणि पोळ्याला बैल न रंगवता काढायचा, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं.

"काहून बोलत नाही बाई? आवडला नाही काय?" गिरजाबाईंनी विचारलं.

"रंग कशाला दिला?"

"घ्या," त्या म्हणाल्या. "लेकीले माहेराहून जुन्या लुगड्यात धाडतेत काय?"

मग त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुमचं माहेर कोणतं?"

"आता कुणी नाही तिकडे."

त्या घरी गेल्या, आणि येऊन त्यांनी माझी ओटी भरली. गहू, खण, नारळ. टेम्पोत मी पुढे बसले होते, मांडीवर ओटी घेऊन, आणि मागे रंगवलेला बैल होता. रस्ताभर मी नोकरीचा विचार करत होते आणि मधूनच खणाला हात लावून बघत होते.

सर दाराशी उभे होते. बैल उतरवला. त्यांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, वाकून वास घेतला आणि शेषरावांना म्हणाले, "ओला आहे. आज कुणी हात लावायचा नाही." हे शब्द त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकले. शेषराव हसले. सर हसले नाहीत.

प्रकरण वर गेलं. चौकशीला साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्यापुढे जुनी छायाचित्रं होती आणि समोर हा सोनेरी खुरांचा बैल. 'मूळ स्वरूप नष्ट' असे शब्द त्यांनी वापरले. रसायन लावून रंग काढायचा आणि पुन्हा कुठलीही वस्तू बाहेर जाऊ द्यायची नाही, असं त्यांचं मत झालं होतं. म्हणजे बैलाचं माहेर तिथेच संपणार होतं.

बातमी गावापर्यंत गेली होती. तेवढ्यात देवराव आणि गिरजाबाई येऊन पोचले. देवरावांच्या हातात रॉकेलची बाटली आणि काचपेपर. "सर, आमच्यापाई तुमाले त्रास नोको. आमी आत्ता खरवडून देतो."

सरांनी बाटली त्यांच्या हातातून घेतली आणि लांब ठेवली.

साहेबांनी गिरजाबाईंना विचारलं, "बाई, हा रंग लावायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाले कायले लागते?" त्या म्हणाल्या. "दर पोळ्याले लावतच होतो. तुमच्याइकडं आल्यावरच त्याले कोणी रंग देला नाही."

सर गुडघ्यावर बसले. बैलाच्या एका शिंगाच्या बुडाशी जुना टवका उडालेला होता. तिथे नवा रंग नीट बसला नव्हता. त्यांनी साहेबांना भिंग दिलं. टवक्याच्या कडेला थरावर थर दिसत होते. लाल, त्याखाली निळा, मग पिवळा, पुन्हा लाल. सगळ्यांच्या वर एक काळा थर, तो धुराचा आणि तेलाचा. आम्ही इतकी वर्षं ज्याला जुनं लाकूड म्हणत होतो तो हा थर होता. आणि त्याच्यावर गावाचा नवा लाल.

"इथवर मला दिसतं," सर म्हणाले. "रसायन लावलं तर हे सगळेच पोळे निघून जातील. पुढचं तुम्ही सांगा."

साहेब बराच वेळ भिंगातून बघत होते. नंतर म्हणाले, "ते सगळं खरं. पण कुणाला तरी जबाबदार धरल्याशिवाय मला हे मिटवता येणार नाही."

"मग मला धरा," सर म्हणाले. "माणूस बदला आणि कार्यक्रम राहू द्या."

तसंच झालं. सरांना लेखी ताकीद मिळाली, कार्यक्रम त्यांच्याकडून काढून घेतले आणि त्यांना भांडारात बसवलं. बैल दरवर्षी जाईल, फक्त रंग पाण्यानं निघेल असाच द्यायचा, गेरू किंवा चुना, अशी अट घातली. आणि कार्यक्रम माझ्याकडे आले. मी, जी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची.

माझ्या पहिल्या कार्यक्रमाला मी सगळं कागदावर लिहून नेलं होतं. सर दाराशी स्टुलावर होते. भांडारात बसायचा हुकूम होता, पण चपलांजवळ बसायला मनाई नव्हती. मी वाचायला लागले आणि अर्ध्यातच माझा आवाज गेला. पाणी प्यायले तरी येईना. मग मी कागद खाली ठेवला आणि म्हटलं, "इथवर मला माहीत आहे. पुढचं कोण सांगतं?" पुढच्या रांगेतल्या एक बाई लगेच बोलायला लागल्या आणि नंतर थांबवाव्या लागल्या.

संपल्यावर सर म्हणाले, "छान झालं. तुम्हाला फारसं माहीत नव्हतं तेच बरं."

या एका वाक्यावर मी आजवर कार्यक्रम करत आले आहे.

ते निवृत्त झाले तरी कार्यक्रमाला येऊन स्टुलावर बसत. गावाला मात्र कधी गेले नाहीत. गिरजाबाईंनी त्यांना चौकशीच्या दिवसानंतर पाहिलं नाही, पण त्या त्यांना व्याही म्हणत. मी बैल घेऊन गेले की पहिला प्रश्न, "व्याही कसे हायेत?" सर माझ्याबरोबर निरोप पाठवत, "विहीणबाईंना म्हणावं, गेल्या खेपेला बैल वाळून आला." त्यावर गिरजाबाईंचं उत्तर तयार, "वाळला? मंग तुमच्याइकडं त्याले चारा कोण टाकते ते विचारा." मी हे निरोप इकडून तिकडे नेत असे, आणि दोघंही दुसऱ्याच्या निरोपाची वाट बघत. माझी ओटी दरवर्षी भरली जायची. सर ती बघत आणि एवढंच म्हणत, "आलात जाऊन?"

शुक्रवारी त्यांचा भाचा आला, त्यानं सगळं केलं आणि रविवारी तो परत गेला. तोवर देवरावांना मी उत्तर दिलं होतं. शनिवारी सकाळी फोन लावून म्हटलं, "देवराव, सरांना भाचा आहे, सुतक त्याच्या घरी. इथवर मला माहीत आहे. संग्रहालयाला सुतक लागतं की नाही, ते मला सांगता येत नाही. आईंना विचारा."

फोन गिरजाबाईंनीच घेतला.

"सण नाई यंदा," त्या म्हणाल्या. "वाजंत्री नाई, रंग नाई. पण सासरी असं काई झालं, की माहेरचे लोक लेकीले चार दिवस नेतेतच. आमी येतो."

मंगळवारी ते आले. देवरावांबरोबर या वेळी गिरजाबाई स्वतः होत्या. दोघं आधी कार्यालयात येऊन बसले. शेषरावांनी पाणी दिलं. मग गिरजाबाईंनी विचारलं, "व्याही कुठं बसत?"

शेषरावांनी दाराशी नेऊन स्टूल दाखवलं. ते चपलांच्या कपाटाजवळ होतं तिथेच होतं. गिरजाबाई त्याच्यापुढे उभ्या राहिल्या.

"लावू काय हात?" त्यांनी विचारलं.

शेषरावांनी मान डोलावली. त्यांनी स्टुलाला हात लावला, तो कपाळाला नेला, आणि पेटीकडे गेल्या. आम्ही काच काढली. या वेळी आवतण त्यांनी काचेतून दिलं नाही. बैलाच्या कानाशी वाकून दिलं.

टेम्पो निघताना त्या मला म्हणाल्या, "तुमीबी या. परवा." मी हो म्हटलं.

बैल गावी आहे. त्याच्या अंगावर गेल्या वर्षीचा गेरू आहे. पेटीत पाटी आहे : माहेरी गेला आहे, सोमवारी येईल. स्टूल दाराशी आहे.